घुरघुर आणि शीळ

रविवार, २ फेब्रुवारी

ट्रक आला. आला म्हणजे ट्रॅक्टरने ओढून आणला. स्टिअरिंगवर आमचे मेहुणे छाती काढून बसले होते, जणू काही इंजिन यांच्याच हुकमाने चाललंय. मागे गल्लीतली निम्मी माणसं. मी शेडची दोन्ही दारं उघडून उभा होतो, तरी आरसा घासलाच.

मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. सगळी नोकरी लष्करात ट्रक चालवण्यात गेली. बढती अशी कधी मिळाली नाही, ती गल्लीने दिली. इथे सगळे त्याला कॅप्टन म्हणतात आणि तो नको म्हणत नाही. भंगारवाल्याच्या आवारात त्याला हा ट्रक दिसला. विशीत जो चालवला त्याच जातीचा. बघितल्यावर त्याला रात्रभर झोप आली नाही म्हणे. ट्रकला तो 'थोरली' म्हणतो. माझ्या बायकोसमोर म्हणतो, आणि ती खरी थोरली हसते.

"दाजी, इंजिन मी बघतो. गिअरबॉक्स तुमचा," असं म्हणून त्याने जबाबदारी माझ्या गळ्यात घातली. जागेवरच गंजून बसलेला गिअरबॉक्स आहे. दुसरा एक त्याने कुठून तरी पैदा केलाय, त्याचं कवच फुटलंय पण आतले दात चांगले आहेत. दोघांतून एक जिवंत करायचा. हे दात गेले तर पुढे काही नाही, कारण ते बनवणारा कारखाना कधीच बंद पडला.

त्याच्याबरोबरचे चार ड्रायव्हर अजून हयात आहेत. एकाला आता चालता येत नाही. या चौघांना ट्रकमध्ये बसवून डोंगरावरच्या जुन्या छावणीच्या मैदानापर्यंत न्यायचं, एवढाच त्याचा बेत आहे. मार्चअखेर.

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर त्याने विचारायच्या आधीच माझं हो झालं होतं. बसडेपोतून निवृत्त झाल्यापासून माझ्या हाताला तेल लागलेलं नाही. डेपोत मला कोणी नावाने हाक मारायचं नाही. 'कानाला बोलवा' म्हणायचे. बस फाटकातून आत येता येता मी सांगायचो, तिसऱ्या गिअरचं बेअरिंग गेलंय, आणि उघडल्यावर तेच गेलेलं असायचं. साहेब बदलले, बस बदलल्या, पण कान तोच राहिला.

लेकीने दिलेली ही वही कोरी पडून होती. कामाचं टिपण म्हणून लिहीन म्हणतो.


बुधवार, ५ फेब्रुवारी

गिअरबॉक्स उतरवला. कॅप्टन आणि मी, दोन जॅक आणि एक जुनी सतरंजी. शेवटचा नट इतका हट्टी की त्याला तेल पाजलं, तापवला, शिव्या दिल्या, मग कुठे सुटला. आज पाठ माझी राहिलेली नाही.

कॅप्टन पूर्वी केवढ्यांदा बोलायचा. निवृत्तीने माणूस अगदी मवाळ झालाय, तोंडातल्या तोंडात बोलतो. ट्रकखाली झोपून काय सांगत होता ते मला दोन-तीनदा विचारावं लागलं. आत्मविश्वास गेला की आवाज जातो. या कामाने त्याला बरं वाटेल.

लेथवाला, म्हणजे गल्लीच्या तोंडाशी लेथवर सुटे भाग कातून देणारा पोरगा, दारात उभा राहून ताटकळला आणि शेवटी खिडकीतून हात हलवायला लागला, तेव्हा कळलं की बेल परत बंद. मागच्याच वर्षी नवी बसवली होती. इलेक्ट्रिशियन बटण दाबून म्हणतो, वाजतेय की काका. या लोकांना काम नको असतं.


मंगळवार, ११ फेब्रुवारी

दोन्ही गिअरबॉक्स उघडून शेडभर मांडले. हिला वाटलं होतं की मला दोन दिवसांत कंटाळा येईल. त्याऐवजी आज तीच रॉकेलचं घमेलं घेऊन बसली आणि एकेक चाक ब्रशने घासून देत होती. ही घरी शिवणकाम करते. चाळीस वर्षं त्या मशीनवर बसल्यामुळे लोखंडाची तिला भीती नाही. दातांवरून बोट फिरवून म्हणाली, "हे सरळ आहेत आणि हे तिरके. असं का हो?"

मी सांगितलं की तिरके दात शांत चालतात, सरळ दात आवाज करतात पण ताकदीचे. खालच्या गिअरांना ताकद लागते म्हणून ते सरळ. ती म्हणाली, "घरातपण असंच असतं." कोण सरळ आणि कोण तिरकं, हे विचारण्यात धोका होता.

दात खरोखर सुंदर आहेत. त्या काळी पोलाद मन लावून करत.

लेकीचा फोन आला होता. ती फोन कुठे धरते देव जाणे, उशीखाली धरल्यासारखी बोलते. हिनेच बोलून घेतलं आणि मला समोर बसून सगळं सांगितलं. हिची एक चांगली सवय आहे, आजकाल काही सांगायचं तर उठून समोर येते. पूर्वी स्वयंपाकघरातूनच ओरडायची.


बुधवार, १९ फेब्रुवारी

आज लेथवाल्याशी वाद. तो नव्या जमान्याचा. खालच्या शाफ्टची बेअरिंगं बसवायची म्हटल्यावर डायल गेज घेऊन आला. घड्याळासारखी तबकडी असते, शाफ्ट किती हलतो ते काटा दाखवतो. मी म्हटलं, ठेव तुझं घड्याळ.

माझी पद्धत इथे लिहून ठेवतो, कारण माझ्यानंतर कोणाला ती माहीत असेल असं वाटत नाही. शाफ्टच्या टोकाला झाकण असतं. झाकणाखाली कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या, त्यांना शिम म्हणायचं. शिम काढली की बेअरिंग घट्ट होतं, घातली की सैल. बाकावर गिअरबॉक्स ठेवून मोटरने फिरवायचा, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक कवचावर आणि मूठ कानाला. सैल असेल तर घुरघुर येते, घोरणाऱ्या माणसासारखी. एकेक शिम काढत जायचं. घुरघुर गेली की बेअरिंग जागेवर आलं. पण हाव धरून जास्त काढल्या तर बारीक शीळ सुरू होते. म्हणजे जास्त घट्ट झालं. घुरघुर गेली आणि शीळ यायची आहे, त्या दोन्हींच्या मधे थांबायचं. डेपोत मी घुरघुर गेल्यावर आणखी काढत जायचो, शीळ नुसती चाहूल देऊ लागली की एक शिम परत घालायचो. तेवढीच बरोबर जागा.

लेथवाला म्हणाला, "काका, गेज दारापर्यंत आणतं, शेवटची शिम कानानेच, हे मलाही मान्य आहे. पण दारापर्यंत तरी येऊ द्या."

मी म्हटलं, मी घरातच राहतो. तो हसला. मुलगा चांगला आहे.


सोमवार, २४ फेब्रुवारी

असला गिअरबॉक्स मी आयुष्यात पाहिला नाही.

सकाळी मोटर लावली. सुरुवातीला घुरघुर होती, भक्कम, तळव्यांतून जाणवेल अशी. दोन शिम काढल्यावर गेली. मग सवयीने शिळीची वाट बघत आणखी एक काढली. शीळ नाही. अजून एक. नाही. अजून एक. नाही! स्क्रू-ड्रायव्हर बदलला, जागा बदलली, डोळे मिटून ऐकलं. पाण्याच्या तळाशी असते तशी शांतता. शेवटी हाताला शाफ्ट जरा जड वाटला म्हणून तिथेच थांबलो. जुनं पोलाद, जुनी कारागिरी, दुसरं काय म्हणणार.

ही चहा घेऊन आली ती दारातच थांबली. कपाळाला आठ्या. कप ठेवला आणि मोटरकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मी म्हटलं, बघ, आहे का कुठे आवाज? ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एकदा कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?"

हिला हल्ली डॉक्टरांचं वेड लागलंय. गुडघ्याचे झाले, डोळ्यांचे झाले, आता कानाचे. मी म्हटलं, ज्या कानावर घर चाललं त्याला डॉक्टर कशाला? ती निघून गेली. चहा मात्र चांगला होता.


रविवार, २ मार्च

गिअरबॉक्स चढवला आणि पहिली फेरी मारली. मैदानाला वळसा घालून परत.

कॅप्टनच्या डोळ्यांत पाणी होतं. या ट्रकला गिअर टाकताना क्लच दोनदा दाबावा लागतो, मधे इंजिनाचा वेग जुळवावा लागतो. हे सगळं त्याचे पाय विसरलेले नाहीत. एकदाही दात करकरले नाहीत. सगळी गल्ली बाहेर आली होती. ट्रक सुरू झाल्याबरोबर कोपऱ्यावरचा कुत्रा उठून पळाला, आणि समोरच्या सूनबाई बाळाचे कान झाकून आत गेल्या. जुन्या इंजिनाचा धडाका त्यांना नवा.

उतरल्यावर कॅप्टनने विचारलं, "दाजी, आवाज?" मी म्हटलं, "कुठे आहे आवाज? सांग ना!" तो क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग टाचा जुळवून मला सॅल्यूट ठोकला. लेथवाला मान खाली घालून पाने-हातोड्या गोळा करत होता. आपलं घड्याळ लागलं नाही याचं वाईट वाटलं असेल.


गुरुवार, ६ मार्च

काम नसलं की घर अंगावर येतं. पलीकडच्या झाडावर पाखरं येईनाशी झाली आहेत. येतात तशी, पण गुपचूप बसतात. नव्या कुकरला शिट्टी नाही. परवा भाजी करपली. मी म्हटलं, दुकानदाराला परत कर. ही म्हणाली, करते. पण करत नाही.


रविवार, ९ मार्च

हात भाजलाय, डावा. उजव्याने लिहितोय.

आज डोंगराच्या चढणीवर चाचणी होती. कॅप्टन चालवत होता, मी शेजारी. अर्ध्या चढणीवर पायाखालून जळका वास आला. गाडी थांबवून मी खाली शिरलो आणि सवयीने गिअरबॉक्सवर पंजा ठेवला. कातडी सोलली. ट्रक तसाच ओढून आणला, थंड होऊ दिला, ऑइल काढलं. ऑइलमध्ये चंदेरी चमक, झिजलेल्या पोलादाची. ही चमक काय असते हे मला कोणी सांगायची गरज नाही. झाकण काढलं, तर बेअरिंग तापून निळं पडलेलं. तिरक्या दातांच्या जोडीवर ओरखडे. अजून दात वाचले आहेत, पण आणखी एक चढण झाली असती तर वाचले नसते.

मी भडकलो. कॅप्टनला म्हटलं, "इतकं घट्ट असताना बेअरिंग ओरडलं असेल! चालवताना तुझं लक्ष कुठे होतं? तुला ऐकू आलं नाही?"

तो ऑइलच्या घमेल्याकडे बघत होता. म्हणाला, "येत होतं दाजी."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. न्यूट्रलमध्येसुद्धा. क्लच दाबला की थांबायचं."

आवाज न्यूट्रलमध्ये येतो आणि क्लच दाबला की थांबतो. डेपोत झाडू मारणाऱ्यालाही कळलं असतं की ही बेअरिंगची शीळ. मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, आवाज नाही. तुम्ही म्हणालात म्हटल्यावर..." तो थांबला. "मला वाटलं मलाच भास होतोय. किंवा तुम्ही आवाज म्हणता तो हा नसेल. तुमच्यासमोर मी काय बोलणार, दाजी? सगळ्या गल्लीला ऐकू जात होतं. पण तुम्ही नाही म्हणालात ना."

लेथवाला तिथेच उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. माझ्या भाजलेल्या हातावर त्याने पाणी ओतायला सुरुवात केली आणि बराच वेळ ओतत राहिला.


सोमवार, १० मार्च

काही लिहावंसं वाटत नाही.


बुधवार, १२ मार्च

शेड बंद आहे. किल्ली मी खिशात ठेवलीय, जसं काही कोणी आत जाऊन काम करून टाकणार आहे.

संध्याकाळी हिला विचारलं. ती मशीनवर होती. मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

तिने पायडल थांबवलं. "हो."

"मग सांगायचंस की."

"दोनदा सांगितलं," ती म्हणाली. "तुम्हाला ऐकू आलं नसेल."

मला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता मी खुर्चीवर बसलो. तीही हसत होती आणि डोळे पुसत होती. मग म्हणाली, "तिसऱ्यांदा समोर उभं राहून सांगायचं धाडस होईना. तुमचं सगळं त्या कानावर उभं होतं. मी कसं म्हणू की तो गेला?"

त्यामुळे तिने दुसरं सगळं केलं. समोर येऊन बोलायला लागली. मला हाक मारायची तर दिव्याचं बटण खालीवर करायला लागली, आणि मी समजत होतो की विजेची तक्रार करायला पाहिजे. कुकर माझ्या भरवशावर सोडणं बंद केलं. मला कळू नये म्हणून तिने इतकी मेहनत घेतली, आणि मला खरंच कळलं नाही. मी तिच्यावर रागावणार होतो. ते जमलं नाही. राग माझ्यावरच आहे आणि त्याहून जास्त लाज आहे. चांगला गिअरबॉक्स आवाज करत नाही. माझ्यापुरता आता वाईट गिअरबॉक्सही करत नाही. मग मी कोणत्या तोंडाने त्याला चांगला म्हणू?

कॅप्टन दोन दिवस आला नाही. हिने फोन केला तर म्हणाला, दाजींना त्रास नको, राहू दे ट्रक तसाच. त्या चौघांना मी कळवतो.


सोमवार, १७ मार्च

डॉक्टर झाले. काचेच्या खोलीत बसवून कानावर डबड्या लावल्या आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. खालचे जाड आवाज सगळे आले. मग बराच वेळ काहीच येईना, मला वाटलं यंत्र बिघडलं. बाहेर बघितलं तर डॉक्टरीणबाई खिट्या फिरवतच होत्या.

वर्षानुवर्षं हवेच्या दाबावर चालणाऱ्या पान्यांच्या गोंगाटात काम केलं की वरचे बारीक आवाज आधी जातात, म्हणाल्या. परत येत नाहीत. कानातलं यंत्र मिळेल, बोलणं समजायला मदत होईल, पण ते बसवायला वेळ लागेल आणि त्याच्यावर बेअरिंग जोखू नका. मी म्हटलं, घुरघुर येते, शीळ येत नाही, असंच ना? बाईंनी वर बघितलं. म्हणाल्या, "अगदी असंच."

घरी येताना कॅप्टनच्या दारात गेलो. तो लुंगीवरच बाहेर आला. मी म्हटलं, "कळवलंस का त्या चौघांना?"

"अजून नाही. जीभ उचलत नाही."

"मग उचलू नकोस," मी म्हटलं. "फक्त इथून पुढे माझ्यासमोर जे ऐकू येईल ते बोलायचं. मी नाही म्हटलं तरी."

त्याने मान हलवली. यावेळी सॅल्यूट केला नाही, ते बरं झालं.


शनिवार, २२ मार्च

बेअरिंग लेथवाल्याने शोधलं. एका शेतीच्या यंत्रात त्याच मापाचं येतं. दातांवरचे ओरखडे मी बारीक दगडाने घासून काढले. त्याला तीन दिवस गेले, पण त्या कामाला कान लागत नाही, बोट लागतं. डायल गेज मी स्वतः मागून घेतलं. त्याने फुंकर मारून पुसून हातात दिलं, एक शब्द बोलला नाही. मी त्या जागी असतो तर बोललो असतो.

गेजने दारापर्यंत आणलं. मग मोटर सुरू केली आणि स्क्रू-ड्रायव्हर हिच्या हातात दिला.

"मला काय कळतं त्यातलं?" ती म्हणाली. मी म्हटलं, तेल नसलेलं शिलाई मशीन शेजारच्या घरात चालू असलं तरी तुला कळतं. तिने मूठ कानाला लावली. मी एक शिम काढून झाकण आवळलं आणि तिच्याकडे बघितलं.

"छान आहे," ती म्हणाली. फार पटकन.

कॅप्टन पलीकडे उभा होता. त्याचा चेहरा लिंबू चावल्यासारखा झाला होता.

मी मोटर बंद केली. म्हटलं, "मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. इतकी वर्षं बोललीस, उपकार झाले. आता ते दातांना महागात पडेल." मला वाटलं ती रागावली. मग तिने स्क्रू-ड्रायव्हर परत कानाला लावला आणि म्हणाली, "सुरू करा. आणि तोंड पाडू नका."

"आहे," ती म्हणाली. "डास कानाशी येतो तसं. सारखं."

शिम घातली. "आहे, पण लांब गेलं."

आणखी एक, सगळ्यात पातळ. ती डोळे मिटून उभी राहिली. "नाही." थोडं थांबून, "नाही. खरंच नाही."

तेवढ्यात कवचावर ठेवलेल्या माझ्या बोटांना आणि माझ्या कानालाही दूरवर घुरघुर आल्यासारखी वाटली. म्हणजे सैल बाजू जवळ होती. शेवटच्या शिमच्या जागी तिच्या अर्ध्या जाडीची लागणार होती. तेवढी पातळ लेथवाल्याने घासून दिली. घातली. मी घुरघुर शोधली, मिळाली नाही. हिने शीळ शोधली, मिळाली नाही. खालची बाजू माझी आणि वरची हिची. आम्ही एकमेकांकडे बघत किती वेळ मोटर चालू ठेवली ते कॅप्टनला विचारायला पाहिजे, कारण शेवटी त्यानेच बंद केली.


शनिवार, २९ मार्च

उद्या चौघं येणार. म्हणून आज पूर्ण चढणीची चाचणी, वर मैदानापर्यंत. कॅप्टन स्टिअरिंगवर, मधे ही, कडेला मी. हिने साडी खोचून त्या उंच पायरीवर पाय ठेवला तेव्हा गल्लीने टाळ्या वाजवल्या. त्या मला ऐकू आल्या, टाळी जाड असते.

सपाटीवर मी तिला विचारलं. ती म्हणाली, नाही. न्यूट्रलमध्ये विचारलं. नाही. तिसऱ्यात, चौथ्यात, नाही. कॅप्टनलाही विचारलं. त्यानेही नाही म्हटलं, आणि आता तो मला भिऊन बोलत नाही हे मला त्याच्या तोंडावरून कळतं.

मग चढण लागली. कॅप्टनने क्लच दोनदा दाबून दुसरा टाकला, आणि हिने माझा हात धरला.

"आहे," ती म्हणाली.

कॅप्टन माझ्याकडे बघेना. उद्या चौघं येणार होते, एकाला उचलून बसवायचं ठरलं होतं. तिने तो एक शब्द गिळला असता तर मला काही कळलं नसतं, आणि ते तिलाही माहीत होतं. तरी तिने सांगितलं.

"तसंच आहे? डासासारखं?"

"नाही. तो एकाच सुरात होता. हा चढतो. गाडी जोर करते तसा."

"क्लच दाब," मी कॅप्टनला म्हटलं. त्याने दाबला. "गेलं?" "गेलं." "न्यूट्रल." "नाही." "परत दुसरा." "आला." मला कळेना. की कळत होतं पण विश्वास बसेना. मी हिला म्हटलं, "काढून दाखव."

"काय?"

"तो आवाज. तोंडाने. माझ्यापर्यंत येईल इतका खाली काढ."

तिने माझ्या कानाशी तोंड आणलं आणि ओठ मिटून सूर धरला. आधी काही आलं नाही, नुसता गरम श्वास. मी मान हलवली. ती खाली उतरली. अजून खाली. आणि मग आला. कॅप्टनने ॲक्सिलरेटर दाबला तसा तिचा सूर वर सरकला, खड्ड्यापाशी पाय उचलला तसा खाली आला, परत चढला. भरदार, मोकळा, कुठेही न घासणारा. सरळ कापलेल्या दातांचा. हा दोष नव्हता. दुसरा गिअर ओझं ओढायला लागला की असाच बोलतो, बोललाच पाहिजे.

मी ओरडून सांगितलं. कॅप्टन मोठ्यांदा म्हणाला, इतक्या मोठ्यांदा की मलाही सगळं ऐकू आलं, "अहो हाच! दाजी, हाच! या आवाजावर आम्ही रात्र रात्र गाड्या चढवल्यात. मला वाटलं, तुम्ही तोही काढून टाकलात की काय!" तो स्टिअरिंगवर थापा मारत होता आणि रडत होता.

मी जोडलेला गिअरबॉक्स माझ्या पायाखाली गात होता आणि तो मला हिच्या घशातून ऐकू येत होता. मला फार आनंद झाला आणि फार वाईटही वाटलं. दोन्ही लिहून ठेवतो. माझ्या खांद्याला टेकून ती सूर धरून होती, श्वास संपला की थांबायची, ट्रककडे कान द्यायची आणि परत बरोबर तिथून उचलायची. चढण संपेपर्यंत ती थांबली नाही, आणि मीही तिला पुरे म्हटलं नाही.